‘ऑफर आली’ म्हणजे नेमकं काय आलं? अमेरिकन फुटबॉलच्या ओ-लाइनवर खेळणाऱ्या मुलाच्या आईवडिलांसाठी

तुमचा प्रश्न वाचला आणि नऊ वर्षांपूर्वीचं आमचं घर डोळ्यांसमोर आलं. तुमचा मुलगा टेक्सासमध्ये दहावीत आहे, राइट टॅकल खेळतो (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या ओ-लाइनमध्ये मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल), शाळेच्या रोस्टरवर (संघाच्या यादीत) सहा फूट तीन इंच आणि २५५ पौंड अशी नोंद आहे. कॉलेज बघायला गेलात तेव्हा तिथला कोच ‘तुला आमची ऑफर आहे’ म्हणाला (म्हणजे शिष्यवृत्तीवर टीममध्ये जागा), मुलाने ते त्याच रात्री एक्सवर टाकलं, आणि आता एक रिक्रूटिंग सर्व्हिस (मुलाला कॉलेजच्या कोचपर्यंत पोहोचवू म्हणणारी कंपनी) तीन हजार डॉलर मागतेय. पैसे भरावेत का, ऑफर धरून चालावं का आणि पुढे काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी थोडक्यात सांगते. पैसे भरू नका. ऑफर आनंदाने घ्या, पण तिच्यावर कुठलाही बेत आखू नका. आणि या जूनच्या आत तीन कामं करा: खरी मापं घ्या, नीट फिल्म (खेळाचा व्हिडिओ) बनवा, दोन-तीन कॅम्प (कॉलेजांची उन्हाळी शिबिरं) ठरवा. आमचा मुलगा ओहायोत हायस्कूलला गार्ड होता, पुढे डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज खेळांच्या तीन स्तरांतल्या तिसऱ्या) कॉलेजात सेंटर खेळला. तेव्हापासून इथल्या शाळेतल्या लाइनमनच्या पालकांना मी फिल्म आणि ईमेलच्या कामात मदत करते.

ऑफरचं आधी बोलू, कारण तिथेच जीव अडकतो. तोंडी ऑफर म्हणजे बोलाची कढी, बोलाचाच भात. ती कॉलेजवर बंधनकारक नसते आणि मुलाच्या तोंडी होकाराने मुलगाही बांधला जात नाही. लेखी ऑफर बारावीच्या वर्षी १ ऑगस्टपासून देता येते आणि खरी सही होते ती डिसेंबरमध्ये किंवा फेब्रुवारीत. पूर्वी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ (कॉलेज पक्कं केल्याचं सहीचं पत्र) असायचं, ते २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं. आता शिष्यवृत्तीच्या करारावरच सही होते. एकच कॉलेज एका वर्षात शंभराहून अधिक मुलांना ‘ऑफर’ देतं आणि त्यातून लाइनवर घेतं चार-पाच. म्हणून मुलाने कोचला सरळ विचारायचं: ‘कोच, मी आज हो म्हटलं तर तुम्ही मला आजच घ्याल का?’ उत्तर स्पष्ट ‘हो’ असेल तर ती ऑफर. ‘आधी जूनमध्ये कॅम्पला ये, मग बघू’ असं आलं तर ते कॅम्पचं आमंत्रण आहे. आमंत्रणही चांगलंच, पण त्याला त्याच्या नावाने ओळखा.

आम्ही हा प्रश्न विचारला नाही. मुलगा अकरावीत असताना एका कॉलेजच्या लाइन कोचने त्याच्या खांद्यावर हात ठेवून ऑफर दिली. मी गाडीतूनच सांगलीला बाबांना फोन लावला, घरी येऊन पेढे वाटले, आणि त्या उन्हाळ्यात दुसऱ्या दोन कॉलेजांच्या ईमेलना मुलाने उत्तरच पाठवलं नाही. ऑगस्टमध्ये तो कोच नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेला. नव्या कोचने आमच्या फोनला उत्तर दिलं नाही. मुलगा आठवडाभर जेवणाच्या टेबलावर मान खाली घालून बसायचा. त्या कॉलेजने नियम मोडला असं नाही. आम्हालाच शब्दाचं वजन माहीत नव्हतं, आणि म्हणूनच हे इतकं लांबवून लिहितेय.

आता कोच काय बघतात. क्वार्टरबॅकचे यार्ड मोजतात, रिसीव्हरचे कॅच मोजतात. लाइनमनच्या नावापुढे आकडेच नसतात. त्यामुळे कोच सोळा वर्षांच्या मुलाकडे बघून तीन वर्षांनंतरचं शरीर कसं असेल याचा अंदाज बांधतात. हाडापेराने किती वजन पेलेल, हात किती लांब, पाय किती चपळ, आणि गुडघ्यात किती वाकतो. बाकीचं शिकवता येतं असं ते मानतात.

या वाकण्याचा अर्थ मला कुठल्याही कोचआधी माझ्या बाबांनी समजावला. ते लहानपणी सांगलीत तालमीच्या शेजारी वाढलेले. इथे आले असताना पहिल्यांदा नातवाचा सामना बघायला बसले. खेळाचे नियम त्यांना अजिबात माहीत नव्हते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये मला म्हणाले, “हा कमरेतनं वाकतोय गं, गुडघ्यातनं नाही. समोरचा खाली गेला की हा पालथा पडणार.” पुढच्याच ड्राइव्हमध्ये (चेंडू आपल्याकडे असतानाच्या चढाईत) तसंच झालं. कमरेतून वाकणारा मुलगा कोचच्या वहीत पहिल्या मिनिटाला मागे पडतो. पाठ ताठ, नितंब खाली, गुडघे वाकलेले, वजन तळपायाच्या आतल्या कडेवर, असं बसून तो पुढे-मागे सरकू शकतो का, हे तुम्ही घरच्या ड्राइव्हवेवरही बघू शकता. म्हणूनच लाइनच्या कोचना कुस्ती आणि गोळाफेक करणारी मुलं आवडतात. आयोवाचा ट्रिस्टन वर्फ्स शाळेत कुस्ती खेळायचा, गोळा आणि थाळी फेकायचा. २०२० मध्ये एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) खेळाडू-निवडीत पहिल्या फेरीत गेला. तुमचा मुलगा हिवाळ्यात नुसतं वजन उचलत असेल तर त्याला कुस्तीच्या टीममध्ये घाला, टीममधली जागा मिळो न मिळो.

मापांबद्दल. रोस्टरवरच्या उंचीत बूट आणि कौतुक दोन्ही मिसळलेलं असतं. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरा, पेन्सिलने खूण करा, टेप लावा. मग दोन्ही हात पसरवून मधल्या बोटापासून मधल्या बोटापर्यंत मोजा. आमच्या चिरंजीवांची रोस्टरवरची सहा-तीन उंची भिंतीवर सहा-दीड निघाली. त्या दिवशी तो टॅकलचा गार्ड झाला आणि तेच बरं झालं. मोठ्या कॉलेजांना टॅकल साधारण सहा-चारच्या पुढचा, लांब हातांचा लागतो, कारण कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या वेगवान पास रशरला अडवायला अंतर लागतं. सहा-दोनचा, आखूड हातांचा पण खाली बसणारा मुलगा गार्ड किंवा सेंटर म्हणून उत्तम. खोटं माप कॅम्पच्या दारातच उघडं पडतं, आणि एकदा ते पडलं की तुम्ही पाठवलेल्या बाकीच्या गोष्टींवरही कोच विश्वास ठेवत नाहीत.

फिल्म हडल (Hudl) या व्हिडिओ साइटवर बनवा. लाइनमनची फिल्म धावणाऱ्यांच्या फिल्मसारखी कापू नका. गाणं, स्लो मोशन, नावाचा अ‍ॅनिमेटेड लोगो, सगळं काढा. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) आधी मुलावर बाण किंवा वर्तुळ दाखवा, कारण पाच जणांतला कुठला हे कोचने शोधत बसू नये. शाळेकडे एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या) कॅमेऱ्याची फिल्म असेल तर तीच वापरा. बाजूच्या कॅमेऱ्यातून पाय दिसत नाहीत. पहिले पाच-सहा प्ले सर्वांत भक्कम हवेत, कारण बरेच कोच तेवढंच बघतात. सगळे पॅनकेक ब्लॉक (समोरच्याला आडवं पाडणारे) लावायचा मोह होतो. लहान शाळेतल्या १६० पौंडांच्या मुलाला आडवं केल्याने कुणाला काही कळत नाही. त्याऐवजी पास प्रोटेक्शनचे (क्वार्टरबॅकला वाचवण्याचे) चार स्वच्छ प्ले ठेवा, एखादा पुल करून (आपली जागा सोडून बाजूला) धावणारा ठेवा, आणि प्रत्येक प्ले शिट्टी वाजेपर्यंत चालू द्या. शिट्टीपर्यंत मुलगा पाय हलवतोय का, हेच त्यांना बघायचं असतं. सोबत एका अख्ख्या सामन्याची लिंक तयार ठेवा. आवड निर्माण झाली की कोच तीच मागतात.

ईमेल मुलाने स्वतः लिहावा, तुम्ही नाही. लाइन कोचला आणि तुमच्या भागाची जबाबदारी असलेल्या रिक्रूटरला, नावाने. पदवीचं वर्ष, खरी उंची-वजन-हातांची लांबी, जीपीए (मार्कांची सरासरी), फिल्मची लिंक, शाळेच्या कोचचा फोन. सात-आठ ओळी पुरे. शाळेच्या कोचचा एक फोन तीन हजार डॉलरच्या सर्व्हिसपेक्षा जास्त काम करतो, कारण कॉलेजचा कोच त्याला ओळखतो आणि उद्याही त्याच्याकडे यायचं असतं.

जूनमधले कॅम्प मात्र चुकवू नका. तिथे वन-ऑन-वन असतं: एक पास रशर, एक ब्लॉकर, मागे क्वार्टरबॅकच्या जागी एक डमी. ब्लॉकरला शेजाऱ्याची मदत नाही, मोकळी जागा भरपूर, त्यामुळे पहिल्या फेरीत बहुतेक मुलं हरतात. आमचाही सपशेल हरला, गवतावर गुडघ्यांवर पडला. कुंपणापलीकडे मी पाण्याची बाटली घट्ट धरून उभी होते. तो उठला, कोचने त्याच्या उजव्या पायाकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, आणि तो रांगेच्या शेवटी न जाता पुन्हा त्याच मुलासमोर उभा राहिला. या वेळी पाय बरोबर पडला. डिव्हिजन थ्रीच्या ज्या कोचने पुढे त्याला घेतलं, त्याने नंतर सांगितलं की त्याने वहीत दुसऱ्या फेरीबद्दल लिहिलं होतं, पहिल्या नाही. ‘मेगा कॅम्प’ शोधा. तिथे एका मैदानावर अनेक कॉलेजांचे, लहान डिव्हिजनचेही कोच काम करायला येतात.

वजनाचं सांभाळून. ‘तीनशे करायचंय’ म्हणून पिझ्झा आणि सोड्यावर वाढवलेले चाळीस पौंड पाय जड करतात. आमच्या घरी रात्री नऊला तुपाबरोबर दोन थालीपीठं, उसळ, अंडी, पेलाभर दूध असं चालायचं, आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी लावलेल्या पोळ्या. महिन्याला दोन-तीन पौंड, वेटरूमच्या जोडीने, हा वेग ठीक. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये उष्माघाताचा धोका जड मुलांनाच सर्वाधिक असतो, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांच्या सरावात शाळा उन्हाची सवय हळूहळू करून देते का, हे बिनधास्त विचारा. आणि खेळ संपल्यावर वजन उतरवण्याचा विचार आजच घरात बोलून ठेवा. आमचा २८५ वरून २२५ वर यायला दीड वर्ष लागलं.

पैशाचं चित्र गेल्या दोन वर्षांत पार बदललंय. एफबीएसमध्ये (डिव्हिजन वनच्या वरच्या गटात) ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने हाउस खटल्यातली (कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबद्दलची) तडजोड मंजूर केली, त्यात सामील झालेल्या कॉलेजांची शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि रोस्टर १०५ वर बांधलं गेलं. मोठ्या ठिकाणी वॉक-ऑनच्या (शिष्यवृत्तीशिवाय येणाऱ्यांच्या) जागा त्यामुळे घटल्या. त्यात ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी): हायस्कूलच्या मुलाला तीन वर्षं घडवण्यापेक्षा एकवीस वर्षांचा तयार टॅकल आणणं कोचना सोपं वाटतं. डिव्हिजन टूमध्ये शिष्यवृत्त्या तुकड्यांत वाटतात. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीग (हार्वर्ड-येलसारखी विद्यापीठं) खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, पण गरजेनुसार मदत देतात, डिव्हिजन थ्रीत गुणांवरही मिळते, आणि आमच्या बाबतीत ती रक्कम एका लहान कॉलेजच्या अर्ध्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त भरली. अशा कॉलेजांचे कोच अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात मुलाचे मार्क प्रवेश विभागाला आधीच दाखवून घेतात. अभ्यास चांगला असलेल्या लाइनमनसाठी हा फार मोठा दरवाजा आहे. तिथून पुढची वाटही बंद होत नाही: अली मार्पेट होबार्ट या डिव्हिजन थ्री कॉलेजातून २०१५ मध्ये एनएफएलच्या दुसऱ्या फेरीत गेला, क्विन माइनर्झ विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरमधून २०२१ मध्ये तिसऱ्या. जेसन केल्सी सिनसिनाटीत वॉक-ऑन म्हणून आला तेव्हा लाइनमनही नव्हता. लाइनवरची मुलं उशिरा पिकतात, म्हणून दहावीतल्या स्टार-रेटिंगकडे (रिक्रूटिंग साइट मुलांना देतात त्या ताऱ्यांकडे) मी बघतही नाही.

मार्कांचं एकच सांगते, कारण आपल्याकडे ‘जीपीए चांगला आहे’ म्हणून सगळे निर्धास्त असतात. डिव्हिजन वनसाठी एनसीएएला (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेला) १६ कोर (मुख्य अभ्यासाचे) विषय लागतात, त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी, आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातले. शाळेच्या मंजूर यादीत नसलेला ऑनलाइन कोर्स मोजला जात नाही. काउन्सेलरकडून यादी मागवून आजच खुणा करा.

कॉलेज निवडायची वेळ आली की स्टेडियम बघू नका. लाइन कोच तिथे किती वर्षं आहे, कुठल्या वर्षाचे किती लाइनमन रोस्टरवर आहेत, गेल्या दोन वर्षांत पोर्टलमधून किती आणले, पहिल्या वर्षी रेडशर्ट करणार का (म्हणजे सामन्यांत न उतरवता ते वर्ष राखून ठेवणार का), हे विचारा. तुमचा मुलगा इंजिनिअरिंग म्हणतोय, तर दुपारच्या लॅब आणि सराव एकाच वेळी आल्या तर काय करतात, हे कोचला विचारून थांबू नका. तिथे आत्ता इंजिनिअरिंग शिकणारा एखादा लाइनमन गाठा आणि दहा मिनिटं त्याच्याशी बोला. असा एकही नसेल, तर तेही उत्तरच आहे.

आता एवढं करा. या शनिवारी भिंतीपाशी उंची आणि हातांची लांबी मोजा. मुलाला त्या कोचला वरचा ‘आजच घ्याल का?’ हा प्रश्न स्वतः विचारू द्या. आणि मला एका हरलेल्या सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरची फिल्म पाठवा, दमल्यावर तो गुडघ्यातून वाकतो की कमरेतून, ते आधी बघू.