लढाया जिंकूनही डाव का जातो?

प्रश्न : मी आणि माझा मावसभाऊ ‘हॅनिबल : रोम विरुद्ध कार्थेज’ हा पटावरचा खेळ खेळतो. मी कायम कार्थेज, म्हणजे सेनापती हॅनिबलची बाजू घेतो. आल्प्स ओलांडतो, मोठमोठ्या लढाया जिंकतो, पण शेवटी प्रांत मोजले की रोमच पुढे! खेळच रोमकडे झुकलेला आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. मार्क सिमोनिच यांचा हा खेळ १९९६ साली आला, आणि मी त्यावर जीव टाकते ते नेमक्या याच गोष्टीसाठी. सैन्य किती कापलं याला इथे शेवटी किंमत नाही. प्रांत कोणाचा, ते पटावरच्या ताब्याच्या सोंगट्या ठरवतात.

लढाई हरणाऱ्याला, त्याच्या सैन्याच्या जेवढ्या तुकड्या गेल्या त्याच्या निम्म्या आपल्या सोंगट्या पटावरून उचलाव्या लागतात. पण कुठल्या उचलायच्या, हे तोच ठरवतो. तुम्ही लगेच पुढच्या कॉन्सलच्या, म्हणजे रोमी सेनापतीच्या मागे लागलात, की भाऊ सावकाश त्या जागा पुन्हा भरून काढणार. जिंकल्यावर थांबा. हातात ३ आकड्याचा पत्ता असेल तर रिकाम्या झालेल्या ३ जागांवर आपल्या सोंगट्या बसवा. हॅनिबल १च्या पत्त्यावरही हलतो. त्याच्यासाठी मोठा पत्ता जाळू नका. रोमी सोंगटी असलेली जागा हवी असेल, तर तिथे आपलं सैन्य उभं लागतं. म्हणून सगळी फौज एकाच घोळक्यात फिरवणं महागात पडतं.

रोमला दर फेरीत ५ तुकड्यांची कुमक मिळते. हे कुणाला अन्यायाचं वाटेल, पण इतिहास तसाच आहे. इ.स.पू. २१६ मध्ये इटलीत कॅनीच्या लढाईत रोमची प्रचंड फौज एका दिवसात संपली. कापुआ हे इटलीतलं मोठं शहर हॅनिबलकडे गेलं, पण रोमची मित्र असलेली लॅटिन शहरं बहुतेक रोमलाच धरून राहिली आणि रोमने नवी सैन्यं उभी केली. तेव्हा कापुआसारखी शहरं वेळेत आपलीशी करणं, हाच कार्थेजचा खरा डाव.

आता सर्वांत महत्त्वाचं. प्रत्येक फेरीअखेर ज्याचे प्रांत कमी, त्याला फरकाइतक्या सोंगट्या उचलाव्या लागतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत तुम्ही पुढे गेलात तर ही गळती दर वेळी रोमला लागते. ती जमेल तितकी लवकर सुरू करा, कारण उत्तरार्धात रोमचा सेनापती स्किपिओ आफ्रिकेनस येतो आणि तो हॅनिबलच्या तोडीचा आहे.

आणि स्पेन उघडं टाकू नका! इ.स.पू. २०९ मध्ये स्किपिओने स्पेनमधलं कार्थेजचं ठाणं, नवं कार्थेज घेतलं, तिथूनच पारडं फिरत गेलं. स्पेनमधला हॅनिबलचा भाऊ हस्द्रुबल याला इटलीत ओढायचा मोह फार होतो, मलाही होतो. त्याला स्पेनमध्येच ठेवा.