एचेव्हेरिया आणि झेवियर ही आडनावं खरंच एक आहेत का? अर्थ काय?

हो, मूळ एकच. अर्थही अगदी घरगुती: नवं घर.

बास्क ही उत्तर स्पेन आणि नैर्ऋत्य फ्रान्समधली भाषा. तिच्यात 'एचे' म्हणजे घर, 'बेरी' म्हणजे नवं, आणि शेवटचा 'आ' हा निर्देशक प्रत्यय. मिळून एचेबेरिया. स्पॅनिश कागदांत त्याचं एचेव्हेरिया झालं. पश्चिमेकडच्या बोलीत 'बेरी'ला 'बारी' म्हणतात, म्हणून तिकडे एचेबारिया.

बास्क मुलखात माणूस घरावरून ओळखला जाई. शेतघरांना नावं असत आणि तिथे राहणाऱ्यांना तीच लागत. आपण गावाच्या नावाला 'कर' लावतो, त्यांनी थेट उंबरठाच नावात घेतला. बोलिव्हार या आडनावात पाणचक्की आणि दरी आहे, इबारामध्ये नुसती दरी. आता नवं घर काय, कुठल्याही गावात बांधलं जातं. त्यामुळे सगळे एचेव्हेरिया एका कुळाचे असतील असं समजू नका.

झेवियरची वाट मात्र उत्तर स्पेनमधल्या नव्हार प्रांतातून जाते. तिथल्या एका वाड्याचं नाव हेच, म्हणजे 'नवं घर', होतं. शेजारच्या स्पॅनिश वळणाच्या बोलीत पहिला 'ए' गळाला, 'बेरी'चं 'बिएर' झालं आणि उरलं शाबिएर. त्या वाड्यात 1506 साली फ्रान्सिस्कोचा, म्हणजे पुढच्या संत फ्रान्सिस झेवियरचा, जन्म झाला. वडील हुआन दे हासो, आई मारिया दे आस्पिल्कुएता, म्हणजे जगाला माहीत असलेलं 'झेवियर' आईबापांपैकी कुणाचंच आडनाव नव्हे. ते घराचं नाव. 1542 मध्ये तो गोव्यात उतरला आणि आज जुन्या गोव्यात बाँ जेझूच्या बासिलिकेत त्याचं शव आहे. 1622 मध्ये तो संत ठरला आणि त्याच्या भक्तीतून आडनावाचं पाळण्यातलं नाव झालं. स्पॅनिशमध्ये पुढे 'श'चा उच्चार घशातला झाला, म्हणून आज तिथे हाविएर म्हणतात. पोर्तुगिजांनी 'श' राखला, म्हणून गोव्यात अजून शाव्हिएर ऐकू येतं. आपलं 'झ' इंग्रजीतून आलेलं.

बाळांच्या नावांच्या यादीत झेवियरचा अर्थ 'तेजस्वी' असा देऊन तो अरबीशी जोडतात. ते चूक आहे, कृपया पुढे पाठवू नका. माझ्या आजोबांचं नाव झेवियर होतं. वसईत त्यांनी स्वतःच्या हातांनी घर बांधलं, पण आपल्या नावातही घर आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.