मुख्याध्यापकपदाच्या उमेदवाराला शाळेच्या ग्रंथालयाबद्दल खरी आस्था आहे की नाही, हे मुलाखतीत कसे ओळखावे?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे. आपली शाळा स्वयंअर्थसहाय्यित आहे, मुख्याध्यापक निवडण्याच्या समितीवर आपण पालकांच्या वतीने बसणार आहात, आणि मागच्या खेपेला ‘वाचन हा माझा श्वास आहे’ असे सांगून निवडून आलेल्या व्यक्तीने दोन वर्षांच्या आत ग्रंथालयाची खोली संगणक कक्षाला देऊन टाकली. या वेळी तसे होऊ नये म्हणून काय विचारावे, असे आपण विचारता. मी सव्वीस वर्षे शालेय ग्रंथपाल होते आणि निवृत्तीनंतर अशा दोन-तीन समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसले आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, की आपल्याला मिळालेली ही संधी बहुतेकांना मिळत नाही. खासगी अनुदानित शाळांत १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापकपद सर्वसाधारणपणे सेवाज्येष्ठतेने जाते (अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट वेगळी), त्यामुळे तेथे ग्रंथालयाविषयीची मते कोणी विचारत नाही आणि विचारून फारसा उपयोगही नसतो. आपल्याकडे खरी निवड होणार आहे, तेव्हा प्रश्न नीट घडवणे हे समितीचेच काम आहे.

‘तुम्हाला वाचनाची आवड आहे का’ आणि ‘ग्रंथालयाचे महत्त्व सांगा’ हे दोन प्रश्न सरळ वगळावेत. पहिल्याला नकार देणारा उमेदवार मी आजवर पाहिलेला नाही. दुसऱ्याच्या उत्तरात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट येईल, ज्यात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. कोणी २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगेल, कोणी ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे. हे सारे पाठ करता येते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन तर प्रत्येकाच्या तोंडी असतोच. आपल्या राज्यात तो २०१५ पासून साजरा होतो आणि त्याचे फोटो काढणेही सोपे असते. म्हणून मी एका मुलाखतीत विचारले होते, की तुमच्या शाळेत १६ ऑक्टोबरला ग्रंथालयात काय चालू होते? समोरचे गृहस्थ बराच वेळ विचार करत राहिले आणि मग हसून म्हणाले, की फलक उतरवत होतो. प्रामाणिकपणाबद्दल मला ते आवडले, पण उत्तर तेच होते जे मला अपेक्षित होते.

आस्था वेळापत्रकात दिसते. उमेदवारासमोर कोरे वेळापत्रक आणि शिसपेन्सिल ठेवा आणि सांगा, की बावीस तुकड्या आहेत, आठवड्याला पंचेचाळीस तासिका आहेत आणि ग्रंथपाल एकच आहे, तर ग्रंथालयाच्या तासिका बसवून दाखवा. प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तासिका दिली तरी ग्रंथपालाच्या हाती देवघेव, नोंदी आणि पुस्तकांची डागडुजी यांसाठी निम्मा वेळ उरतो, म्हणजे हे गणित न सुटणारे नाही. आता पुढचा प्रश्न टाका : जानेवारी संपत आला आहे, दहावीचा अभ्यासक्रम मागे पडला आहे आणि गणिताचे शिक्षक नववी-दहावीच्या ग्रंथालयाच्या तासिका मागत आहेत, तर आपण काय कराल? ‘नाही देणार’ असे ताडकन सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही, कारण शाळेत असे करता येत नाही हे मला ठाऊक आहे. जो उमेदवार विचारतो की किती आठवड्यांसाठी, त्या मुलांची पुस्तके मधल्या सुट्टीत बदलून मिळतील का, आणि सुट्टीत खोली उघडी ठेवायची तर ग्रंथपालाने डबा केव्हा खायचा, तो उमेदवार कामाचा. शिक्षक रजेवर असला की तुकडी ग्रंथालयात पाठवून ‘ऑफ तास’ भागवण्याबद्दलही विचारा. आपल्याकडच्या शाळांत ग्रंथालयाचा सर्वांत जास्त वापर त्यासाठीच होतो आणि त्याला ग्रंथालयाची तासिका म्हणणे ही नोंदवहीतली सोय आहे.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न मात्र हरवलेल्या पुस्तकांचा. ‘वार्षिक पडताळणीत चाळीस पुस्तके सापडली नाहीत, आपण काय कराल?’ एवढेच विचारून गप्प बसा. कपाटे कुलूपबंद का राहतात याचे कारण मुलांची अनास्था नसते. पुस्तक गेले तर भरपाई आपल्या पगारातून होईल ही ग्रंथपालाच्या किंवा ग्रंथालयाचा जादा कार्यभार दिलेल्या शिक्षकाच्या मनातली भीती हेच ते कारण असते. मी नोकरीला लागले त्या शाळेत मला पहिल्याच दिवशी तीन किल्ल्या मिळाल्या आणि जोडीला सल्ला मिळाला, की बाई, पुस्तके जपा, द्यायची घाई करू नका. तो सल्ला देणारे मुख्याध्यापक वाईट नव्हते, त्यांनी स्वतः एकदा भरपाई भरली होती. पहिली दोन वर्षे मीही पुस्तके जपलीच, हे येथे कबूल करते.

येथे एक नियम माहीत असलेला बरा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत असे आहे, की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी वाजवी समजावी, मात्र ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. हजार रुपयांहून अधिक किमतीच्या आणि दुर्मिळ पुस्तकांची चौकशी मात्र व्हावी. हा नियम आपल्या शाळेला बंधनकारक नाही, पण त्यामागचा विचार पाहण्यासारखा आहे : हानी मोजायची ती कपाटातल्या पुस्तकांच्या प्रमाणात नव्हे, देवघेवीच्या प्रमाणात. चांगला उमेदवार म्हणूनच तुम्हाला उलट विचारेल, की वर्षभरात देवघेव किती झाली होती? आठ हजार वेळा पुस्तके बाहेर गेली असतील आणि चाळीस हरवली असतील, तर ते ग्रंथालय जिवंत आहे. तीनशे वेळा जाऊन चाळीस हरवली असतील, तर चौकशी करायला हवी. ‘संबंधितांकडून वसुली करू’ हे उत्तर कितीही शिस्तीचे वाटले तरी ते कुलूप घालणाऱ्याचे उत्तर आहे.

पैशाबद्दल थोडक्यात लिहिते. ‘किती तरतूद कराल’ यापेक्षा ‘पुस्तके कोण निवडेल आणि कोणत्या महिन्यात’ हे विचारावे. मार्चअखेरीस विक्रेत्याने आणून टाकलेल्या संचात एकाच मार्गदर्शकाच्या वीस प्रती, थोर पुरुषांची सोळा पानी चरित्रे आणि शोभेचा विश्वकोश असतो, आणि नंतर पटलावर ‘पुस्तकसंख्या ५,०००’ असे रंगवता येते. जुनी, फाटकी आणि कालबाह्य पुस्तके बाद करण्याविषयी, म्हणजे निर्लेखनाविषयी उमेदवाराला माहिती असेल तर ती वेगळी पसंतीची बाब समजा, कारण त्या कागदावर सही करायला मुख्याध्यापक कचरतात आणि सोव्हिएत संघाचा नकाशा असलेला भूगोल कपाटात तसाच उभा राहतो.

‘डिजिटल ग्रंथालय’ हा शब्द आला की घाबरूही नका आणि भारावूही नका. फक्त विचारा, की चौथीतल्या मुलाने घरी काय न्यायचे?

मुलाखतीचा काही भाग प्रत्यक्ष ग्रंथालयात व्हावा, असा माझा आग्रह आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत आम्ही चार उमेदवारांना एकेक करून ग्रंथालयात नेले आणि पाच मिनिटे काहीही न विचारता उभे राहिलो. पहिल्याने भिंतीवरच्या सुविचारांची स्तुती केली. दुसऱ्या बाईंनी खोलीचे क्षेत्रफळ विचारले. तिसऱ्याला फोन आला. चौथ्या बाई तालुक्याच्या गावातून आल्या होत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत पत्र्याच्या पेटीतून वर्गात पुस्तके फिरवण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. त्या कपाटाशी गेल्या, मुलांच्या उंचीचा कप्पा पाहायला खाली वाकल्या, एक पुस्तक काढून थेट शेवटचे पान उघडले आणि तारखेची चिठ्ठी पाहिली, म्हणजे पुस्तक वाचायला दिले की जिच्यावर तारीख नोंदवतात ती. मग दुसरे, मग तिसरे. तिन्ही चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. त्यांनी पुस्तके होती तेथे ठेवली आणि विचारले, “या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?” त्या दिवशी विचारलेला तो सर्वांत चांगला प्रश्न होता आणि तो समितीने विचारलेला नव्हता.

त्यांची निवड झाली नाही. समितीच्या मूल्यमापन पत्रकात शैक्षणिक पात्रता, अनुभव, इंग्रजी संभाषण, प्रशासन आणि व्यक्तिमत्त्व असे पाच रकाने होते, त्यांचे इंग्रजी इतर सदस्यांना अडखळते वाटले आणि त्या अडीच गुणांनी मागे पडल्या. किल्लीच्या प्रश्नाला गुण देण्यासाठी पत्रकात जागाच नव्हती. अध्यक्षांकडे मी तोंडी बोलले. त्यांनी ऐकून घेतले आणि बेरीज दाखवली.

म्हणून आपण आता लगेच, उमेदवारांची नावे कळण्याच्या आत, त्या पत्रकात ग्रंथालयाचा स्वतंत्र रकाना मागून घ्या. शंभरांपैकी दहा गुण पुरेत. ग्रंथपाल असतील तर त्यांना त्या पाच मिनिटांपुरते समितीत बसवा. आणि निवड झाल्यावर नेमणुकीच्या पत्रात दोन ओळी लिहून घ्या : प्रत्येक तुकडीला आठवड्याला एक ग्रंथालय तासिका, आणि वर्षातून दोनदा देवघेवीचा आकडा व्यवस्थापनापुढे ठेवणे. हे आक्षेपार्ह वाटणारा उमेदवार तेव्हाच कळलेला बरा.