सोशल मीडिया डेस्कची नोकरी: पत्रकारिता की नुसतं पोस्ट टाकणं?

प्रश्न: देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. मुलगी कणकवलीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षं ती इन्स्टाग्रामवर दशावतार, रापण (किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी), गावच्या जत्रा यांवर पेज चालवते. लोक बघतात, कौतुक करतात. आता मुंबईतल्या एका मराठी वृत्तवाहिनीच्या डिजिटल विभागाने तिला ‘सोशल मीडिया एक्झिक्युटिव्ह’ म्हणून बोलावलं आहे. ही पत्रकारिता आहे, की दिवसभर मोबाइलवर पोस्ट टाकायचं काम? किती टिकणार? आधी एखादा कोर्स करावा का? वाडीतला एक मुलगा म्हणतो, नोकरी कशाला, यूट्यूब चॅनेल काढ. चेडवाक मुंबयक धाडू की नको? – एक वडील

सप्रेम नमस्कार,

धाडा. पण पदाचं नाव ऐकून नको. तिथे तिच्या हातात नेमकं काय काम देणार आहेत ते विचारून, मग धाडा.

वाचक बघून मजकुराची मांडणी बदलणं हे पत्रकारितेतलं हलकं काम नाही. तुमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं, तेव्हा एकाच अंकात मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ छापले. मराठी आपल्या लोकांसाठी, इंग्रजी राज्यकर्त्यांच्याही वाचनात यावं म्हणून. आज सोशल मीडिया डेस्कवर हेच काम पाच-सहा ठिकाणांसाठी एकाच वेळी चालतं.

समजा, गणपतीच्या जादा गाड्या जाहीर झाल्या. वेबसाइटवर सविस्तर बातमी जाते: गाडी क्रमांक, तारखा, थांबे, आरक्षण कधीपासून. व्हॉट्सॲप चॅनेलवर तीच बातमी दोन ओळींत जाते, आणि पहिल्या ओळीत आरक्षणाची तारीख-वेळच हवी. कारण चाकरमानी ती ओळ डोंबिवली लोकलमध्ये उभ्याने वाचणार आणि लगेच घरच्या ग्रुपवर पाठवणार. इन्स्टाग्रामवर थांब्यांची यादी चार-पाच चित्रांत बसवायची, अक्षर एवढं मोठं की आजीलाही चष्म्याशिवाय दिसावं. यूट्यूबवर बातमीदार आरक्षण खिडकीसमोर उभा राहून बोलतो. मोबाइलवर वाजणारं नोटिफिकेशन दहा-बारा शब्दांत संपवायचं. खरं काम त्यानंतर सुरू होतं, फेसबुकच्या कॉमेंटमध्ये. ‘नांदगाव रोडला थांबते काय?’ हा प्रश्न वीस जणांनी विचारला, तर मूळ बातमीत ते राहून गेलेलं असतं. डेस्कवरची चांगली मुलगी अशा वेळी बातमीदाराला फोन लावते, उत्तर मिळवते, बातमीत भर घालून घेते आणि त्या वीस जणांना कळवते. दुसरी कॉमेंटला हार्ट देऊन पुढच्या पोस्टकडे वळते. पद दोघींचं एकच. पण पहिली पत्रकार होते आणि दुसरीचं काम उद्या सॉफ्टवेअर करील.

टिकण्याचा प्रश्न तुम्ही बागायतदार आहात म्हणून चटकन उमगेल. पेटी वाशीच्या बाजारात गेली की गिऱ्हाईक दलालाचं. आपल्या हाती येते ती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी. माध्यम कंपन्यांनी गेली कित्येक वर्षं आपला माल असाच फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्रामवर पाठवला. वाचक भरपूर मिळाले, पण ते कोण आणि कुठले हा हिशेब फेसबुक-यूट्यूबवाल्यांच्याच वहीत राहिला आणि नियमही त्यांचेच राहिले. फेसबुकने मे २०१५ मध्ये ‘इन्स्टंट आर्टिकल्स’ आणलं. बातमी फेसबुकच्या आतच झटकन उघडायची, म्हणून जगभरच्या वृत्तसंस्था त्यात उतरल्या. २०२३ मध्ये फेसबुकने ते बंद केलं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने फीडमध्ये, म्हणजे उघडल्यावर दिसणाऱ्या पोस्टच्या रांगेत, मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना अग्रक्रम द्यायचं ठरवलं आणि बातम्यांची पेजेस कमी लोकांपर्यंत पोचू लागली. व्हिडिओ लोक सरासरी किती वेळ बघतात याचा जो आकडा फेसबुक दाखवत होतं, तो फुगलेला होता, हे २०१६ मध्ये त्यांनीच मान्य केलं. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेले लोक त्या सरासरीत धरलेच नव्हते. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या काही न्यूजरूमनी लिहिणारी माणसं कमी करून व्हिडिओवाले भरले होते. टिकटॉकवर आपल्याकडे जून २०२० मध्ये बंदी आली, आणि तिथे जमवलेले लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. कॅनडात तर वृत्तसंस्थांना मोबदला द्यायचा कायदा झाल्यावर ऑगस्ट २०२३ पासून मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, फेसबुक-इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणंच थांबवलं.

यामुळे शहाण्या माध्यम कंपन्या आता वाचकाला स्वतःच्या ॲपवर, ईमेलवर, वर्गणीवर आणायला धडपडतात. व्हॉट्सॲप चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलं आणि बातम्या पोचवायला फार उपयोगाचं ठरलं, पण तेही मेटाचंच. तेव्हा काम संपणार नाही, त्याची जागा मात्र बदलत राहील. एका ॲपची युक्ती हेच जिचं भांडवल, तिला दर दोन-तीन वर्षांनी नव्याने सुरुवात करावी लागेल. बातमी शोधणं, तपासणं आणि मोजक्या शब्दांत सांगणं जिला येतं, तिला ॲप बदललं तरी फरक पडत नाही.

तपासण्यावर मी मुद्दाम भर देतो. पाऊस लागला की ‘मालवणात समुद्र रस्त्यावर’ असा व्हिडिओ फिरू लागतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळातला किंवा २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरातला तुकडाही पुढे कधीही ‘आत्ताचा’ म्हणून येऊ शकतो. मुंबईच्या डेस्कवर बसलेल्याला ते चटकन ओळखता येत नाही. तुमच्या मुलीला येईल. पावसाळ्यातली मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते, मग जुलैच्या व्हिडिओत मागे ट्रॉलर जाळी ओढताना कसे दिसतात? दुकानाच्या पाटीवर गाव कोणतं, एसटीच्या पुढच्या फलकावर काय लिहिलंय, बोलणाऱ्याची बोली मालवणी की रत्नागिरीकडची? व्हिडिओतली एक चौकट गूगल लेन्सवर टाकून तो आधी कुठे आला होता का, तेही बघायचं. हे तिने आत्तापासून रोज करावं. कायद्याच्या काही गोष्टी पाठच हव्यात: बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांचीही. घाईत टाकलेल्या रीलमध्ये घराचं दार किंवा शाळेचा गणवेश दिसला, तरी ओळख उघड होते. अशी चूक मागाहून पोस्ट उडवून निस्तरत नाही, कारण तोवर ती शेकडो फोनवर गेलेली असते.

यूट्यूबचा सल्ला वाईट नाही, पण पोट भरायला त्यावर विसंबू नका. जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिलं जाणं लागतं. किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. मग लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींचे ५५ टक्के चॅनेलला मिळतात, शॉर्ट्सच्या वाट्याचे ४५. दशावताराचं चित्रण करताना कलाकारांची आणि नाटक कंपनीच्या मालकाची परवानगी लेखी घ्यावी, मागे सिनेमाचं गाणं जोडू नये. कॉपीराइटचे तीन स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाचे ठपके, एका वेळी लागले तर चॅनेल बंद होऊ शकतं. पेज तिने सोडू मात्र नये. नोकरीसाठी बोलावणं त्या पेजमुळेच आलेलं दिसतं.

कोर्ससाठी नोकरी नाकारावी असं मला वाटत नाही. पदवी मात्र पूर्ण करू दे. परीक्षेआधी रुजू व्हायची घाई त्यांनी केली तर तारीख पुढे मागावी. एखाद वर्षाच्या अनुभवानंतर शिकावंसं वाटलं तर पत्रकारिता शिकवणारं पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणि आयआयएमसी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) या संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. अनुभव घेऊन गेलेला विद्यार्थी वर्गात जास्त शिकतो, असं माझं मत आहे. तोवर युनिकोडमध्ये भरभर आणि शुद्ध मराठी टायपिंग, मोबाइलवर एडिटिंग, व्हिडिओवर नेमकी मथळ्याची पट्टी लिहिणं, एवढं घरी बसून पक्कं करता येईल.

मुलाखतीत तिने न लाजता विचारावं: मी संपादकीय विभागाखाली असणार, की मार्केटिंगखाली? संपादकाच्या हाताखाली असेल तर शिकायला मिळेल. मार्केटिंगखाली असेल तर महिन्याचा आकडा गाठण्यातच दिवस जाईल, हे धरून चला. माझं काम कशावर मोजणार, नुसत्या व्ह्यूजवर, की वेबसाइटवर परत येणाऱ्या वाचकांवरही? महिन्यातून एखादी बातमी स्वतः करायला मिळेल का? कोकणातून आलेली मुलगी गणपती, शिमगा, आंबा, मच्छीमारांचे प्रश्न यांवर डेस्कला जे देऊ शकते ते दुसरं कोणी देणार नाही, हे तिने ठामपणे सांगावं. रात्रपाळी आहे का आणि परतीच्या गाडीची सोय कोणाची, हे तुम्ही विचारा. त्यात संकोच कसला!

नियुक्तिपत्र आलं की सही करण्याआधी दोन कलमं शोधा. एक, कराराची मुदत आणि नोटीसचा काळ. दुसरं, नोकरीत असताना स्वतःचं पेज चालवता येईल का आणि त्यावरच्या मजकुरावर हक्क कोणाचा. बऱ्याच करारांत ‘नोकरीच्या काळात केलेलं सगळं कंपनीचं’ असं ढोबळ वाक्य असतं. तिचं दशावताराचं पेज आधीपासूनचं आहे, ते त्यातून वगळल्याचं एका ओळीत लिहून मागा. त्या पत्राची प्रत मला पाठवलीत तर मी वाचून कळवतो.