एकाच नावाचे दोघे आणि अडलेली वंशावळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खापरपणजोबांपर्यंत सगळं लागलं, त्यांच्या वडिलांपाशी गाडी अडली. त्याच नावाचे दोन पुरुष, गाव एक, काळ एक. तीन वर्षं नाव टाकून टाकून शोधताय, हाती काही नाही. आणि असल्या गाठी सोडवायला शिकायचं कसं, कोर्स करू का, असंही विचारलंय.

कोर्स करा, नुकसान काही नाही. पण आधी शोध थांबवा. खरंच. महिनाभर नवीन काही शोधू नका. जमलेले सगळे कागद काढा आणि तारखेवार तक्त्यात भरा: तारीख, ठिकाण, कागद कोणता, त्यात शब्दशः काय लिहिलंय, आणि ती माहिती सांगितली कोणी. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि घोळ नेमका तिथे निघतो. मृत्यूच्या दाखल्यावरचं वय आणि आईवडिलांची नावं काही मेलेल्या माणसाने सांगितलेली नसतात. सांगणारा असतो मुलगा, जावई, कधी शेजारी. मृत्यूची तारीख त्याला पक्की ठाऊक, सत्तर वर्षांपूर्वीच्या जन्माचं मात्र सगळं ऐकीव. म्हणजे एकाच कागदातली एक ओळ भरवशाची आणि दुसरी सांगीवांगी. ‘दाखला आहे ना!’ म्हणून अख्खा कागद खरा धरू नका.

मी स्वतः याहून सोप्या ठिकाणी तोंडावर आपटलोय. एकाच नावाचे दोघे जण मी सहा वर्षं एकच माणूस समजत होतो. बायका दोन दिसल्या तेव्हा ‘पहिली वारली असेल’ म्हटलं. धंदे दोन दिसले तेव्हा ‘बदलला असेल’ म्हटलं. (हे ‘असेल’ फार वाईट. तक्त्यात ते कुठे कुठे येतं ते लाल शाईने खुणवा.) जमिनीचे तीन दस्त होते, पण ते मी टंकलिखित नकलेतच वाचले होते आणि नकलेत तिन्हीखाली नुसतं नाव. शेवटी मूळ पानांच्या प्रतिमा मागवल्या. पहिल्या दस्तावर झोकदार सही. आठ वर्षांनी झालेल्या दुसऱ्यावर फुली, आणि फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकुनाने लिहिलेलं नाव. त्यानंतर दोन वर्षांनी तिसऱ्यावर पुन्हा तीच झोकदार सही. फुली एकदाच असती तर गोष्ट वेगळी होती. आजारी माणूस मृत्युपत्रावर फुली करतो, मग तो कितीही शिकलेला असो. पण सही, मग फुली, मग पुन्हा तीच सही, आणि तीही दोन वर्षांत? तिथे माझं ‘असेल’ संपलं.

दोघे वेगळे झाल्यावर पुढचा धागा सापडला तो त्यांच्या नावातून नाही. फुलीवाल्याच्या प्रत्येक कागदावर साक्षीदार म्हणून एकच सुतार होता. तो सुतार त्याचा मेहुणा निघाला आणि सुताराच्या मृत्युपत्रात बहिणीचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, मुलांची नावं, सगळं ओळीने लिहिलेलं. नात्यागोत्याचे, कामातले आणि शेजारचे लोक यांच्यासकट माणूस शोधायचा, ही पद्धत अमेरिकन वंशावळ-संशोधक एलिझाबेथ शोन मिल्स यांनी रूढ केली. तुमच्या दोघांच्या कागदांवरचे साक्षीदार, जामीन, घरमालक यांची यादी केली आहे का? प्रश्नात तरी दिसत नाही.

दुसरं, कागद ज्या काळातला त्या काळाच्या नियमाने वाचायला शिका. इंग्लंडमध्ये 1752 आधी सरकारी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. तिथल्या नोंदवहीत लग्न मे 1735 चं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1735 चा असेल, तर मूल लग्नाआधीचं नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1736 चा, म्हणजे लग्नानंतर नऊ महिन्यांनी. तिथल्याच 1841 च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. तेव्हा ‘30’ दिसलं तर माणूस 34 चाही असू शकतो, आणि तुम्ही जन्मसालावरून त्याला बाद करून बसता. जुन्या इंग्रजी कागदांत नावापुढे ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ असलं तरी ते बापलेकच असतील असं नाही. काका-पुतणे असतात, कधी नात्यात नसलेलेही असतात, आणि थोरला वारला की कालचा ‘ज्युनियर’ आज ‘सीनियर’ होतो.

‘नाही सापडलं’ हेही नीट लिहून ठेवा: कुठल्या नोंदवहीत, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, नावाचं कुठलं स्पेलिंग धरून. नोंद झालीच नव्हती, झाली पण नष्ट झाली, की आहे पण अनुक्रमणिकेत चुकीची उतरली, या तिन्हींवरचा उपाय वेगळा. नष्ट झाली म्हणतानाही खात्री करा. आयर्लंडच्या जुन्या खानेसुमाऱ्या 1922 च्या डब्लिनमधल्या आगीत गेल्या असं सरसकट सांगतात. आगीत गेल्या त्या 1821 ते 1851 च्या, आणि त्यांचेही काही तुकडे शिल्लक आहेत. 1861 ते 1891 च्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या.

डीएनए चाचणीबद्दल विचारलंय. करा, पण निकाल लावण्यासाठी नको, दोन शक्यतांतली एक पडताळायला करा. पणजोबा-पणजी एक असलेल्या दोघांत जुळणारा भाग जवळजवळ नेहमी सापडतो. खापरपणजोबांच्या पिढीला जोडलेल्यांत साधारण दहातल्या एका जोडीत काहीच सापडत नाही. त्याही वर गेलात तर जुळणी न सापडण्यावरून काही ठरवू नका.

आता शिकण्याचं. माझं मत: अवघड पूर्वजावर शिकू नका. सुटलेला एखादा घ्या, ज्याचे आईवडील तुम्हाला ‘माहीतच’ आहेत, आणि ते दोन पानांत सिद्ध करून दाखवा. प्रत्येक विधानाला कागद, विरोधात जाणाऱ्या कागदाचं स्पष्टीकरण, आणि शेवटी लेखी निष्कर्ष. अमेरिकेत 1964 पासून वंशावळ-संशोधकांना प्रमाणपत्र देणारं एक मंडळ आहे. त्याच्या पुराव्याच्या कसोटीत पाच गोष्टी आहेत आणि लेखी निष्कर्ष ही त्यातली एक. मला आधी ती कारकुनी वाटायची. लिहायला बसलो तेव्हा पक्क्या समजलेल्या माझ्या चार पिढ्यांतली एक दुसऱ्याच परिच्छेदात कोसळली.

सोबत चांगल्या नियतकालिकांतले सोडवलेले प्रश्न वाचा. अमेरिकेतल्या नॅशनल जिनिऑलॉजिकल सोसायटीचं त्रैमासिक 1912 पासून निघतंय, त्यात असे लेख भरपूर असतात. पण कादंबरीसारखे वाचू नका. प्रश्न मांडून झाला की पान झाका, आपण पुढे कुठला कागद मागवला असता ते लिहा, मग पुढे वाचा. पहिल्या पाच-सहा लेखांत माझा एकही अंदाज बरोबर आला नव्हता.

तुमच्या दोघांचा तक्ता दोन रंगांत करून टाका. ज्या नोंदी कुणाच्या ते सांगता येत नाही त्या तिसऱ्या रंगात, जबरदस्तीने कुणाच्या पदरात घालू नका. आणि दोघांच्या सह्या असलेल्या मूळ पानांच्या प्रतिमा मिळाल्या तर त्याही दाखवा, मी बघतो.