वाचक विचारतात: लांबच्या प्रवासाला लॅपटॉप न्यायचा की घरी ठेवायचा?

या वेळी आलेल्या पत्रांत एकाच विषयावरची चार पत्रं निघाली, म्हणून ती एकत्रच घेतेय. पहिल्याला उत्तर लांबलंय कारण प्रश्नच तसा आहे.

प्रश्न: ताई नमस्कार, नवरा आणि मी चार महिने फिरायला निघतोय, विमान दोन-तीनदाच, बाकी सगळं बस नाहीतर रेल्वे, आणि मधे पंधरा दिवस डोंगरात पायी आहोत, तिथे उंची ४,००० मीटरच्या वर जाते. दोघांकडे एकेक पाठीवरची सॅक, बस. मी घरून हिशेबाची कामं करते. बाकीची सगळी थांबवली, पण एका क्लायंटचं महिनाअखेरचं काम सोडता येत नाही, दर महिन्याला दोन-अडीच दिवस लागतात, काम एक्सेलमध्येच असतं पण शीट मॅक्रोवाली आहे. शिवाय कॅमेऱ्याचे फोटो. लॅपटॉप माझा जुना आहे, हार्ड डिस्कवाला, २.२ किलोचा. नवरा म्हणतो दोन फोन आहेत ना, फार तर टॅब घे, लॅपटॉप नेलास तर सगळा प्रवास त्याच्यावर लक्ष ठेवण्यात जाईल. त्याचं पटतंही आणि कामाचं टेन्शनही येतं. काय करू?

उत्तर: न्या. पण आहे तसाच उचलून नेऊ नका, आणि चारही महिने पाठीवर वागवू नका.

तुमच्या पत्रात निर्णय त्या एका शब्दात आहे, मॅक्रो, म्हणजे शीटमध्येच लिहिलेला, बटण दाबलं की ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम. फोनवरच्या आणि साध्या टॅबवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत, फाइल उघडते, आकडे दिसतात, बदलताही येतात, त्यामुळे घरी बसून ट्राय केलं की वाटतं जमतंय की, आणि मग महिनाअखेरीला कुठल्यातरी हॉस्टेलच्या खोलीत बटण दाबल्यावर काहीच होत नाही. पूर्ण विंडोजवाला टॅब असेल तर गोष्ट वेगळी, तो नावालाच टॅब, आतून लॅपटॉपच आहे. आणि क्लायंटचे हिशेब कुठल्यातरी सार्वजनिक कंप्युटरवर उघडायचा विचार सुद्धा करू नका, त्या मशीनमध्ये पासवर्ड टिपून घेणारं काही टाकलंय का हे तुम्हाला बघूनही कळणार नाही.

कोणी असंही सुचवेल की घरचा लॅपटॉप चालू ठेवा आणि टॅबवरून रिमोटने काम करा. मी हे एका प्रवासात केलंय. सात आठवडे छान चाललं आणि मग घरची वीज गेली, परत आली पण मशीन आपोआप चालू झालं नाही, शेजारच्या काकूंना फोन करून घर उघडायला लावलं आणि बटण कुठे आहे ते फोनवर समजावलं. ज्या कामाला तारीख आहे ते असं दुसऱ्याच्या किल्लीवर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत झालंय.

आता तुमच्या नवऱ्याचं म्हणणं, कारण ते चुकीचं नाहीये. लॅपटॉपचं वजन लोक किलोत मोजतात, २.२ किलो, वर चार्जर आणि कव्हर धरून पावणेतीन, आणि ते पाठीला जाणवतंच. पण खरं ओझं वेगळं असतं. रात्रीच्या बसमध्ये सॅक वर ठेवायची की पायाशी, आंघोळीला जाताना खोलीत ठेवायचा का, समुद्रावर दोघांनी एकदम पाण्यात जायचं का, लॉकर नसलेली स्वस्त खोली घ्यायची का, असे छोटे छोटे निर्णय दिवसातून दहा वेळा तो लॅपटॉपच घेतो. पाच महिन्यांच्या एका प्रवासात मी लॅपटॉप नेला होता आणि परत आल्यावर डायरीत मोजलं तर तो अकरा वेळा उघडला होता, त्यातले चार वेळा नुसते फोटो बघायला. त्या अकरा वेळांसाठी दीडशे दिवस सांभाळला. म्हणून मी कुणालाही सांगते की "लागेल कदाचित" हे कारण धरू नका, कोणत्या तारखेला कोणत्या कामासाठी लागेल ते सांगता आलं तर न्या. तुम्हाला ते सांगता येतंय, महिन्याचे अडीच दिवस. म्हणून तुमचं उत्तर हो.

पण मग त्या अडीच दिवसांभोवती प्रवास बसवा. महिनाअखेरीचे चार दिवस एकाच गावात, बऱ्या इंटरनेटच्या आणि दाराला नीट कुलूप असलेल्या जागी रहायचं असं आत्ताच ठरवून टाका. अडीच दिवस कामाचे, दीड दिवस काही बिघडलं तर हाताशी. याने तुमच्या नवऱ्याची अर्धी तक्रार तरी मिटेल कारण बाकी दिवस तुम्ही लॅपटॉप बाहेर काढणारच नाही.

हार्ड डिस्कचं मात्र निघण्याआधी बघा. जुन्या फिरत्या डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असतं, आणि उंचावर हवा विरळ झाली की तो आधार कमी होतो. त्यामुळे बहुतेक डिस्कना चालू स्थितीत साधारण ३,००० मीटरची मर्यादा दिलेली असते. बंद असताना अडचण नाही, पण ४,००० मीटरवर "जरा फोटो कॉपी करून घेऊ" म्हणून चालू केलात तर डिस्क जाऊ शकते. शिवाय बसचे धक्के आहेतच. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, टाकून घ्या, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, आणि जुना लॅपटॉप वेगवानही होतो. टाकल्यावर डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करा, विंडोजमध्ये बिटलॉकर, अ‍ॅपलमध्ये फाइलव्हॉल्ट, म्हणजे उद्या चोरी झाली तर मशीन जाईल पण क्लायंटचे हिशेब कुणाच्या हाती लागणार नाहीत. रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड चालला नाही तर डिस्क उघडणारा लांबलचक कोड, कागदावर लिहून घरी विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, त्याच लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, लोक ठेवतात म्हणून सांगतेय.

ट्रेकच्या पंधरा दिवसांत तो वर न्यायचाच नाही. पायथ्याला जिथे परत येणार आहात त्याच ठिकाणी जास्तीचं सामान ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी असते, तिथे ठेवा, आणि ठेवायच्या आधी चालू कामाची फाइल क्लाउडवर गेलीय ना ते दुसऱ्या फोनवरून उघडून बघा. लॅपटॉपवर फाइलशेजारी दिसणारी नुसती हिरवी खूण बघून समाधान मानू नका. वर थंडीही असते, शून्याच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर कायमची खराब होते, फोनच्या बाबतीतही हे लक्षात ठेवा, रात्री झोपायच्या पिशवीत आत घेऊन झोपा आणि गरम झाल्यावरच चार्जिंगला लावा.

फोटोंसाठी म्हणून लॅपटॉप लागत नाही हे मुद्दाम सांगते, कारण बरेच जण याच कारणाने नेतात. आताच्या बहुतेक फोनला कार्ड रीडर आणि छोटी एसएसडी थेट जोडता येते, त्या एसएसडीचं वजन १०० ग्रॅमच्या आत असतं. एकच काळजी, फोन कधीकधी दोन्ही उपकरणांना पुरेशी पॉवर देऊ शकत नाही, मग चार्जर जोडता येणारा हब (एकातून अनेक जोडण्या देणारी डबी) लागतो, तो घरीच ट्राय करून निघा. हिशेब करा: रोज १०० रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या मोठ्या फाइल्स), एकेक ३० एमबीचा, म्हणजे दिवसाला ३ जीबी आणि १२० दिवसांचे ३६० जीबी. एका दिवसाचे ३ जीबी १० एमबीपीएस अपलोडला चाळीस मिनिटांत वर जातात, पण २ एमबीपीएसला तीन तासांच्या वर लागतात, आणि गावोगावच्या वायफायला २ मिळाले तरी खूप. म्हणून सगळं क्लाउडवर टाकू असं धरून चालू नका. दोन एसएसडी घ्या, एक तुमच्या सॅकमध्ये एक नवऱ्याच्या, आणि अगदी आवडलेले दहा-वीस फोटो तेवढे रोज क्लाउडवर.

राहता राहिलं एक, आणि ते बाकीच्या वाचकांनीही बघावं. लॅपटॉपचा एक उपयोग फार कमी लोक मोजतात, तो म्हणजे दुसरं साधन असणं. एका प्रवासात मी फक्त फोन नेला होता, तिसऱ्या आठवड्यात पावसात तो बंद पडला आणि मी ईमेलमधूनही बाहेर कारण नव्या मशीनवर लॉगिन करायला कोड हवा आणि कोड येणार त्याच मेलेल्या फोनवर. दोन दिवस तिकिटं उघडता येईनात. तुम्ही दोघं आहात, दोन फोन आहेत, तर एकमेकांच्या फोनवर लॉगिन असलेला निदान एक ईमेल ठेवा, आणि दोन टप्प्यांच्या लॉगिनचे बॅकअप कोड छापून पासपोर्टसोबत ठेवा. हे केलं की नुसतं "दुसरं साधन हवं" म्हणून लॅपटॉप न्यायची गरज उरत नाही.

प्रश्न: ताई, परीक्षा झाली की मी दोन महिने एकटा फिरणार आहे. काम काही नाही पण रोज लिहायचंय, कदाचित व्हिडिओ एडिट करून टाकेन, आणि परत येताना कॉलेजचे फॉर्म भरायचे आहेत. मित्र म्हणतात लॅपटॉप ने, असला की बरा.

उत्तर: नको नेऊस.

लिहिण्यासाठी घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड घे, साधारण २०० ग्रॅमचा असतो, फोन उभा करून त्याच्यावर पानंच्या पानं लिहिता येतात, मी लिहिलीत. निघायच्या आधी घरीच आठवडाभर त्याच्यावर लिहून बघ, कारण काहींची बटणं इतकी जवळ असतात की बोटं अडखळतात, आणि मराठी टायपिंग त्यात नीट चालतं का तेही बघून घे. फॉर्मचं म्हणशील तर ते तू परत येतानाच भरायचे म्हणतोयस, शेवटच्या तारखेच्या आधी घरी पोचतोयस ना एवढं फक्त बघ, आणि लागणारी सगळी कागदपत्रं स्कॅन करून फोनमध्ये ठेव.

व्हिडिओचं मला तुझ्या "कदाचित"वरून कळलं. जो रोज एडिट करतो तो कदाचित म्हणत नाही. फोनवर साधी कापाकापी आणि आवाज बसवणं होतं, तेवढं प्रवासात कर, मोठं काम घरी आल्यावर, तेव्हा तुला कुठला भाग ठेवायचा हेही जास्त नीट कळेल. तुला पटत नसेल तर एक करून बघ. पुढचे पंधरा दिवस लॅपटॉप कपाटात ठेव आणि ज्या ज्या वेळी काढावासा वाटेल तेव्हा काढायच्या आधी कागदावर लिही कशासाठी. पंधरा दिवसांनी त्या यादीतल्या किती गोष्टी फोनवर खरंच होत नाहीत त्यावर खूण कर. परीक्षेचा अभ्यास सोडून त्यात काय उरतं ते मला कळव, दोन-तीन खुणा ठळक उरल्या तर मी माझं मत बदलेन. एकटा जाणाऱ्याला सामान सांभाळायला दुसरं कोणी नसतं, पाच मिनिटं बाथरूमला जायचं तरी सगळं सोबत न्यावं लागतं, हे मित्रांनी बहुतेक धरलेलं नसणार.

प्रश्न: लॅपटॉप चेक-इन बॅगेत टाकला तर चालतो का? आणि पॉवर बँकवर लॅपटॉप चार्ज होतो का, केवढी न्यायची?

उत्तर: लॅपटॉप केबिनमध्येच घ्या. चेक-इनमध्ये टाकायची वेळ आलीच तर पूर्ण बंद करून, कपड्यांत नीट गुंडाळून, स्लीपमध्ये नाही. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या मात्र चेक-इनमध्ये चालतच नाहीत, फक्त केबिन. मर्यादा १०० वॉट-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्याच्या वर प्रवाशाला नेता येत नाही. बॅटरीवर एमएएच लिहिलेलं असतं, त्याला ३.७ ने गुणून १,००० ने भागा: २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर होते, २७,००० ची जवळजवळ १००. छापलेला आकडा पुसट झालाय अशी पॉवर बँक नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. २०२५ पासून काही विमान कंपन्यांनी पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला आणि विमानात वापरायलाही बंदी केलीय, तिकीट काढलं की त्यांचे नियम एकदा वाचा.

चार्ज होतो, लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होणारा असेल आणि पॉवर बँक पीडीवाली (टाइप-सीवरून जास्त पॉवर देणारी), ४५ ते ६५ वॉटची असेल तर. मधे थोडी पॉवर वाया जाते, त्यामुळे २०,००० च्या पॉवर बँकेतून साध्या हलक्या लॅपटॉपला साधारण एक चार्ज मिळतो असं धरा. तसा लॅपटॉप असेल तर एकच ६५ वॉटचा चार्जर न्या, फोनही त्याच्यावरच होईल. चार्जरवर बारीक अक्षरांत १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा, बहुतेकांवर असतंच, मग कुठल्याही देशात फक्त पिनचा अडॅप्टर पुरतो.

प्रश्न: आम्ही सहा महिने जातोय, लॅपटॉप घरीच ठेवायचं ठरलं. तो तसाच ठेवला तर बॅटरी खराब होईल का?

उत्तर: पूर्ण भरून ठेवलीत किंवा पूर्ण उतरवून ठेवलीत तर होऊ शकते. अर्ध्यावर आणा, ५० टक्क्यांच्या आसपास, चार्जर काढून टाका, आणि ऊन किंवा दमटपणा लागणार नाही अशा जागी ठेवा. घरी कोणी येणारं असेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा परत अर्ध्यापर्यंत चार्ज करायला सांगा. जायच्या आधी आतल्या फाइल्सची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. आणि झाकण लावायच्या आधी शटडाउन केलंय ना ते बघा, नुसतं झाकण लावलं तर तो आत झोपलेला असतो आणि काही आठवड्यांत बॅटरी शून्यावर जाते.