वाचकांचे प्रश्न : राष्ट्रपतिपदासाठी पात्र कोण?

प्रश्न : आमच्या दादरच्या कट्ट्यावर वाद पेटलाय. एकाचं म्हणणं, परदेशात जन्मलेला माणूस भारताचा राष्ट्रपती होऊच शकत नाही. खरं काय?

उत्तर : होऊ शकतो. राज्यघटनेचं कलम ५८ काढून बघा. भारताचं नागरिकत्व, वयाची ३५ वर्षं पूर्ण, आणि लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता, एवढंच त्यात मागितलं आहे. (चौथी अट लाभाच्या पदाची, म्हणजे पगार-मानधन मिळण्यासारखं सरकारी पद हाती नसण्याची, तिच्याकडे पुढे येऊ.) जन्म कुठे झाला याबद्दल अवाक्षर नाही. नोंदणीने किंवा देशीयीकरणाने (म्हणजे परदेशी माणसाने इथे अनेक वर्षं राहून) मिळालेलं नागरिकत्वही चालतं.

तुमच्या कट्ट्यावरचा गैरसमज बहुधा दोन ठिकाणांहून आला असावा. एक म्हणजे अमेरिकेची राज्यघटना, तिथे राष्ट्राध्यक्ष जन्मतः नागरिकच लागतो. दुसरं, मे १९९९ मधलं राजकारण. शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ही पदं जन्माने भारतीय असणाऱ्यांनाच मिळावीत, अशी मागणी केली. काँग्रेसने तिघांना पक्षाबाहेर काढलं आणि राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली. पक्ष निघाला, पण घटनादुरुस्ती काही झाली नाही.

राहण्याची अट थेट नाही, पण आडून आहे. लोकसभेसाठी पात्र व्हायचं तर कुठल्या तरी लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. दुबईत नोकरी करणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट कायम ठेवलेल्या मुलुंडकराला निवडणूक कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीपासून मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. त्याची अडचण नाही. ओसीआय कार्डवाल्याचा, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचा, मात्र प्रश्नच मिटला. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ब मध्ये, ओसीआय कार्डधारकाला कलम ५८ खालचा हक्क नाही, असं नाव घेऊन लिहिलेलं आहे.

प्रश्न : भाचीची मुलगी मुंबईत जन्मली. भाची अमेरिकन नागरिक, जावई भारतीय. मुलगी उद्या अमेरिकेची राष्ट्राध्यक्ष होऊ शकेल का? घरात सगळे हसतात, पण मला खरंच विचारायचंय.

उत्तर : हसण्यासारखं काही नाही. तिथली अट तिहेरी आहे : जन्मतः नागरिक, वय ३५, आणि अमेरिकेत १४ वर्षं वास्तव्य. 'जन्मतः नागरिक' म्हणजे कोण, हे त्यांच्या घटनेत सांगितलेलं नाही आणि त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाच्या संदर्भात त्याचा निकाल कधी लावलेला नाही. बहुतेक घटनातज्ज्ञांचं मत असं, की जन्माच्या क्षणीच जो नागरिक आहे, ज्याला पुढे नागरिकत्व घ्यावं लागलं नाही, तो पात्र. जॉन मॅकेन पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मले होते, टेड क्रूझ कॅनडातल्या कॅल्गरीत. दोघांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीवर आक्षेप आले, दोघेही लढले. ओबामांचा जन्म तर होनोलुलूचा, म्हणजे अमेरिकेतलाच. तिथे वाद कायद्याचा नव्हताच, ते परदेशात जन्मल्याच्या अफवेचा होता.

तुमच्या नातीच्या बाबतीत तपासायचं ते भाचीचं वास्तव्य. पालकांपैकी एकच अमेरिकन असेल आणि ते विवाहित असतील, तर त्या पालकाने मुलीच्या जन्माआधी अमेरिकेत एकूण ५ वर्षं काढलेली हवीत, त्यातली किमान २ वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. शाळा-कॉलेजचे दाखले, करभरण्याचे कागद जपून ठेवा. मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात, मुलगी १८ वर्षांची होण्याआधी, परदेशातल्या जन्माची नोंद करून घ्यायची. गफलत होते ती अशी : जन्माच्या वेळी आईकडे फक्त ग्रीन कार्ड असतं आणि ती नागरिक होते नंतर. अशा मुलीलाही पुढे आईमुळे नागरिकत्व मिळू शकतं, पण ते जन्मापासूनचं नव्हे, आणि या पदासाठी तोच फरक आडवा येतो.

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेत शिक्षक आहे. राजीनामा न देता राष्ट्रपतिपदाचा अर्ज भरता येईल? आमदारांना तर चालतं म्हणे.

उत्तर : नाही, अर्ज छाननीत बाद होईल. खासदारकीसाठी कलम १०२ आहे. त्यात केंद्र वा राज्य सरकारखालचं लाभाचं पद अडतं. कलम ५८ ची चाळण त्याहून बारीक आहे. तिथे सरकारच्या नियंत्रणाखालच्या स्थानिक संस्था आणि इतर प्राधिकरणंही धरली आहेत, म्हणजे महापालिका आलीच. शिवाय कलम १०२ मध्ये संसदेला कायदा करून एखादं पद सूटपात्र ठरवता येतं. कलम ५८ मध्ये ती सोय लिहिलेली नाही. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि केंद्र-राज्यांतले मंत्री यांनाच तिथे मोकळीक आहे. आमदार-खासदार लढू शकतात. निवडून आले तर राष्ट्रपतिपद स्वीकारतील त्या दिवशी त्यांची जागा आपोआप रिकामी होते (कलम ५९).

पगार घेत नाही म्हणून सुटलो, असंही समजू नका. २००६ मध्ये जया बच्चन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पैसे उचलले की नाही हे बघायचं नाही, पदाला मिळण्यासारखे होते का ते बघायचं. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींवर हाच आक्षेप होता : कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं अध्यक्षपद. राजीनामा २० जूनचा असल्याचं त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं. निवडणूक अधिकाऱ्याने आक्षेप फेटाळला, त्यांच्याविरुद्ध लढलेले संगमा न्यायालयात गेले, आणि ५ डिसेंबरला याचिका ३ विरुद्ध २ अशी फेटाळली गेली. पाचातल्या दोघांना पूर्ण सुनावणी व्हावी असं वाटत होतं, हे लक्षात ठेवा. तेव्हा राजीनामा नुसता देऊन भागणार नाही. छाननीच्या आधी तो मंजूर झाल्याचा कागद हाती हवा.

प्रश्न : अर्ज विधान भवनात द्यायचा का? आणि सोबत काय काय लागतं?

उत्तर : विधान भवनात फक्त मतदान. अर्ज दिल्लीला, निवडणूक अधिकाऱ्याकडे, सकाळी ११ ते दुपारी ३ मध्ये. तुम्ही स्वतः किंवा तुमच्या सूचक-अनुमोदकांपैकी कोणीतरी हातोहात द्यायचा. पोस्टाचं काम नाही. एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत मुभा आहे. अनामत १५,००० रुपये रोख, किंवा रिझर्व्ह बँकेत वा कोषागारात भरल्याची पावती. सोबत मतदार यादीतल्या आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत, तीही मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याची. संकेतस्थळावरून काढलेलं नुसतं पान चालत नाही.

खरी भिंत मात्र सह्यांची : ५० सूचक आणि ५० अनुमोदक, सगळे राष्ट्रपतीच्या निवडणुकीतले मतदार, म्हणजे निवडून आलेले खासदार किंवा विधानसभेचे आमदार. विधान परिषदेचे आमदार, नगरसेवक, राष्ट्रपतिनियुक्त खासदार यांच्या सह्या मोजत नाहीत. एका मतदाराने दोन उमेदवारांना सही दिली, तर आधी पोचलेल्या अर्जावरचीच धरतात. म्हणून ५० वर थांबू नका, जास्तीच्या घेऊन ठेवा. हौशी उमेदवारांना आवरण्यासाठी हा आकडा १९९७ मध्ये १० वरून ५० केला. १९७७ मध्ये, १० सह्यांच्या काळातही, ३७ पैकी ३६ जणांचे अर्ज बाद झाले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध आले.

प्रश्न : उमेदवार अपात्र वाटला तर आम्ही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात जाऊ शकतो का?

उत्तर : नाही. कलम ७१ प्रमाणे हा विषय फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. याचिका उमेदवाराने करायची, किंवा किमान २० मतदार खासदार-आमदारांनी एकत्र येऊन, निकाल प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत. अर्जच अपुऱ्या सह्यांचा असेल तर 'मीही उमेदवार होतो' म्हणून भागत नाही. चरणलाल साहू यांची याचिका १९७८ मध्ये याच मुद्द्यावर पडली.

प्रश्न : ३५ वर्षं कोणत्या तारखेला पूर्ण हवीत? शपथेच्या?

उत्तर : छाननीच्या. आपल्या घटनेत 'निवडून येण्यास पात्र' अशी भाषा आहे, त्यामुळे शपथेपर्यंत वय पूर्ण होईल हा युक्तिवाद इथे टिकत नाही. अमेरिकेत सिनेटसाठी तो टिकतो : जो बायडन १९७२ मध्ये निवडून आले तेव्हा २९ वर्षांचे होते आणि जानेवारी १९७३ मध्ये शपथ घेण्याआधी त्यांनी तिशी गाठली.